केबलवाल्या मल्हारीच्या कॅसेटी

मल्हारी कोळपे पहिल्या हाकेला दार कधी उघडत नसे. कडी वाजली की आधी खिडकीच्या फटीतून बाहेरच्याचे पाय बघायचा. चपला असल्या तर ठीक. बूट दिसले की बायकोला पुढं करायचा, "म्हणावं, न्हावऱ्याला गेल्यात."

शिरूरमध्ये त्याला अजून सगळे केबलवालाच म्हणत. केबल कधीच संपली होती. आता तो घरोघरी इंटरनेटची फायबर ओढून द्यायचा. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बापानं मेंढरं विकून विहीर खोदली, थोरला भाऊ उसात रमला, आणि मल्हारी ऐन विशीत गच्चीवर डिश लावून खांबांवर चढायला लागला. घरातला पहिला माणूस, ज्यानं काठी सोडून पक्कड धरली.

तेव्हा शिरूरला लोडशेडिंग होतं. नेमकी संध्याकाळी पोरं शाळेतून आली की लाइट जायची, आणि नेमकं तेव्हाच एका चॅनलवर 'लोहे का सारस' लागायचं. जपानी कार्टून, हिंदीत बोलणारं. कियो नावाची पोरगी लोखंडी सारस पक्ष्यावर बसून बेटाबेटांवर हरवलेल्या भावाला शोधत फिरते, तिच्यासोबत एका हाताचा गोंजी नावाचा म्हातारा वैमानिक. पोरं मल्हारीच्या कंट्रोल रूमच्या दारात येऊन रडायची, "मामा, आजचा भाग गेला." मल्हारीकडं इन्व्हर्टर होता. त्यानं व्हीसीआरवर भाग भरून घ्यायला सुरुवात केली आणि लाइट आली की रात्रीच्या जेवणाच्या वेळी आपल्या लोकल चॅनलवर लावायचा. भाग भरताना मशीन सोडून जाता यायचं नाही, म्हणून तोही बघायचा. बघता बघता त्याला नाद लागला. बायको म्हणायची, "दोन लेकरांचा बाप, आन् कार्टून बघून डोळं पुसतोय."

मग एक दिवस धाड पडली. लोकल चॅनलवर नवा सिनेमा लावतात अशी कुणीतरी तक्रार केली. तक्रार खोटी नव्हती. तेव्हा सगळेच लावायचे. पोलिसांनी कंट्रोल रूममधली सगळी मशीनं उचलली, मल्हारी दीड दिवस चौकीत बसला, आणि पुढं कोर्टाच्या तारखा करता करता केबलचा धंदा दुसऱ्याच्या हातात गेला. याचं त्याला एवढं दुःख नव्हतं. खरी ठसठस वेगळी होती. तक्रार कुणी केली ते कधी कळलं नाही. नाव कळलं असतं तर एकाशी वैर धरून बाकीच्यांशी तो मोकळा राहिला असता. नाव कळलं नाही, म्हणून सगळ्या गावावरच संशय राहिला. चहा प्यायला येऊन "मल्हारी, आज काय नवीन?" असं विचारणारा प्रत्येक जण त्याला तेव्हापासून तोच वाटायचा.

'सारस'च्या कॅसेटी तेवढ्या वाचल्या. त्या घरी माळ्यावर पत्र्याच्या पेटीत होत्या. त्याही विनापरवाना भरलेल्याच, म्हणून त्यांच्याबद्दल तो कुणापाशी ब्र काढत नसे.

त्याची मुलगी धनश्री रांजणगावच्या एका कंपनीत कामाला लागली आणि तिथं तिला ॲनिमेवाले भेटले. आता त्याला कार्टून म्हणायचं नाही, ॲनिमे म्हणायचं, हे मल्हारीला तिनंच शिकवलं. रविवारी दुपारी ही मंडळी तिच्या बापाच्या फायबरच्या गाळ्यात जमायला लागली, कारण शिरूरमध्ये तिथल्यासारखं नेट दुसरीकडं नव्हतं. मल्हारी कोपऱ्यात बसून राउटर उघडायचा, मिटायचा, आणि कान तिकडं द्यायचा.

कंपनीत धनश्रीच्या लाइनवर काम करणारा हनुमंत जुन्याचा पुजारी होता. "हातानं काढलेलं चित्र व्हतं तवा. पाऊस पडायचा तर थेंबाला वजन असायचं. आता सगळं कॉम्प्युटरवर, चकचकीत, आन् आत जीव न्हाई."

कॉलेजात जाणारी नीलम ऐकून घेणारी नव्हती. "जीव न्हाई म्हणं! जुन्यात अर्धा भाग नुसते एकमेकांकडं बघत उभे राहायचे. तेच तेच चित्र परत वापरायचे. पैसा वाचवायचे रं ते, आन् तुला ती कला वाटती."

"आन् हिंदी डबिंग? ते तर पापच," हनुमंत म्हणाला.

यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. बघायचं तर जपानीत, खाली इंग्रजी सबटायटल वाचत. मग ॲपची गाऱ्हाणी सुरू व्हायची. एकावर नवा भाग जपानात लागतो त्याच दिवशी येतो पण मध्ये जाहिराती. दुसऱ्यावर जुनं सगळं आहे, पण न सांगता एक दिवस काढून टाकतात. हनुमंत म्हणायचा, "कशाला पॅक भरता? माझ्याकडं लिंक हाय, फुकट." फुकट लिंक हा शब्द आला की कोपऱ्यातून मल्हारी खाकरायचा. "हितं न्हाई. गाळ्यात न्हाई. भायेर जाऊन बघा."

अशाच एका रविवारी सत्यजीत शितोळे आला. दौंडचा, एकोणीस-वीसचा, ॲनिमेवाल्यांच्या ग्रुपवर ओळख झालेला. एसटीनं एवढ्या लांबून आला, नवं-जुनं या वादात पडला नाही, चहाही अर्धाच प्यायला आणि म्हणाला, "कुणाकडं 'लोहे का सारस'चं हिंदी डबिंग आहे का? ॲपवर फक्त जपानी आहे. ते हिंदी दाखवणारं चॅनलच बंद पडलं. कुठंच मिळत नाही."

मल्हारीच्या हातातला स्क्रू खाली पडला.

"हिंदी कशाला पायजे तुला?" हनुमंत हसला. "जपानीत बघ की."

"नाही, हिंदीच पाहिजे. लहानपणी मी रोज बघायचो."

धनश्री सहज बोलून गेली, "आण्णा, तुमच्याकडं कॅसेटी व्हत्या ना?"

"भंगारात घातल्या," मल्हारी म्हणाला. आवाज चढलेला त्याचा त्यालाच कळला. "कवाच्या. धाडीच्या आधीच."

सत्यजीतनं एकदा त्याच्याकडं, एकदा धनश्रीकडं बघितलं आणि मान डोलावली. पण जाताना गाळ्यावरच्या पाटीचा फोटो काढून गेला.

त्या दिवसापासून मल्हारीला जेवण गोड लागेना. त्यानं मनात हिशेब मांडला. 'सारस' लागायचं तेव्हा धनश्री पाळण्यातून नुकती उतरली होती. हा पोरगा तिच्याहून लहान. मग हा रोज बघत कसा होता? लहानपणीचं सांगतो तेच खोटं. आणि खोटं सांगून कॅसेटी मागणारा माणूस कोण असणार? हल्ली कंपन्या माणसं सोडतात म्हणे, कुणाकडं काय चोरून भरलेलं आहे ते शोधायला.

पाटीवरच्या नंबरावर सत्यजीतचे मेसेज यायला लागले. "काका, कॅसेट असेल तर विकत नको. एकदाच ऐकवा." मल्हारीनं तो मेसेज धनश्रीपुढं धरला.

"बघ. ऐकवा म्हणतोय. कार्टून माणूस बघतो का ऐकतो? ह्याला पुरावा पायजे. फोनात आवाज भरून घेणार आन् मला अडकवणार."

"आण्णा, लिहिताना चुकलं असंल."

"तीनदा लिव्हलंय त्यानं. तीनदा चुकतं का?"

धनश्रीनं फोन हातात घेऊन मेसेज परत वाचला.

पुढच्या रविवारी सत्यजीत परत आला, फारसं बोलला नाही, संध्याकाळच्या एसटीनं निघाला. मल्हारीनं गाळा धनश्रीवर सोडला, मोटारसायकल काढली आणि एसटीच्या मागं लागला. न्हावरे गेलं, उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकत भीमेचा पूल गेला, चौफुला गेला. आपण पन्नाशीला टेकलेला माणूस एका पोराचा पाठलाग करतोय याची त्याला मध्येच लाज वाटली, पण परत फिरावंसं वाटलं नाही. दौंडला सत्यजीत उतरला, चालत निघाला, आणि एसआरपीच्या, म्हणजे राखीव पोलिसांच्या कॅम्पाच्या फाटकातून आत गेला. पहाऱ्यावरच्या जवानानं त्याला नावानं हाक मारली आणि दोघं हसून काहीतरी बोलले.

मल्हारी रस्त्याच्या पलीकडं टपरीशी गाडी धरून उभा राहिला. संशय खरा ठरला की माणसाला एक समाधान वाटतं असं म्हणतात. त्याला तसलं काही वाटलं नाही. त्यानं गाडी वळवली ती थेट शिरूरलाच थांबवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माळ्यावरून पेटी खाली काढली, परसात आणली आणि कॅसेटींचा ढीग केला. काडी ओढायची तेवढी राहिली होती. धनश्री सेकंड शिफ्टला होती, म्हणून घरीच होती. ती धावत आली.

"भंगारात घातल्या म्हणाला व्हता!"

"आता घालतोय. पोलिसाचा माणूस हाय तो. डोळ्यांनी बघून आलोय."

"मग इचारा की त्याला तोंडावर. चोरासारखं जाळायचं कशापायी?"

"इचारू? पोलिसाला इचारू?"

धनश्रीनं सरळ सत्यजीतला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मल्हारी हातात काडीपेटी घेऊन उभा.

"सत्यजीत, खरं सांग," ती म्हणाली. "तू लहानपणी 'सारस' बघितलेलं न्हाई. आण्णांनी तुला कॅम्पात जाताना बघितलंय. तू कोण हाईस?"

पलीकडं कुजबुज झाली. मग एका बाईचा आवाज आला, ठणठणीत. "दे इकडं. मी बोलते. — कोण बोलतंय? मी प्रगती, सत्यजीतची बहीण. वडील हवालदार आहेत, म्हणून आम्ही कॅम्पात राहतो. 'सारस' मला पाहिजे. मला डोळ्यांनी दिसत नाही, लहानपणापासून. खाली लिहिलेलं मी वाचू शकत नाही, जपानी मला येत नाही. हिंदी होतं तोवर मी ऐकायचे. झालं समाधान?"

धनश्रीनं खाली मान घातली. गाळ्यात बसून डबिंगला पाप म्हणणाऱ्यांत तीही होती.

मल्हारी इतक्यानं विरघळणारा नव्हता. "मग तुमच्या भावानं खोटं का सांगितलं?"

"मीच सांगितलं होतं, माझं नाव काढू नकोस म्हणून. आंधळ्या बहिणीसाठी म्हटलं की लोक च्च् च्च् करतात आणि काहीही गळ्यात मारतात. मागं एकानं पाठवलं, ऐकलं तर कॉम्प्युटरनं केलेले आवाज. गोंजी बोलतोय का रेल्वेची सूचना चाललीय, काही कळेना. मी बँकेत टेलिफोन ऑपरेटर आहे काका, आवाज मला फसवत नाहीत. तुमच्या कॅसेटी तरी खऱ्या कशावरून?"

आता मल्हारीला राग आला. आयुष्यभर दुसऱ्यावर संशय घेतलेल्या माणसाला स्वतःवरचा संशय सहन होत नाही. "खऱ्या कशावरून म्हंजी? मी स्वतः भरल्यात!"

"बरं. पूल तुटतो त्या भागात गोंजी कियोला काय म्हणतो?"

मल्हारीनं काडीपेटी खिशात टाकली. डोळे मिटले. परसात, शेजारच्या बाया ऐकत असताना, त्यानं गोंजीचा घोगरा आवाज काढला, "पुल टूटे तो टूटे, बिटिया. नदी तो अपनी है."

मग प्रगती म्हणाली, "वाक्य बरोबर आहे. पण हे कुणीतरी नेटवर लिहिलेलंही आहे. कॅसेट पाठवा."

"कॅसेट माझ्या हातनं सुटायची न्हाई."

"मग हातासकट या."

जुना व्हीसीआर एका ओळखीच्या मेकॅनिककडं धूळ खात पडला होता. तो आणून मल्हारीनं हेड स्पिरिटनं पुसलं, नवा बेल्ट टाकला आणि रविवारी धनश्रीला मागं बसवून, मशीन मांडीवर देऊन दौंड गाठलं. कॅसेटींची पिशवी गळ्यात. फाटकावर नाव लिहायला सांगितलं तेव्हा त्यानं धनश्रीचं नाव लिहिलं. क्वार्टरमध्ये हवालदार शितोळे बनियनवर कांदा चिरत बसले होते. त्यांनी "या की, बसा," म्हटलं आणि पिशवीकडं नुसतं बघितलं, तरी मल्हारीनं ती मांडीखाली सरकवली.

प्रगती टीव्हीच्या अगदी जवळ, पण तोंड बाजूला करून बसली होती, कान पडद्याकडं. तिशीच्या आसपासची, ताठ. मल्हारीनं कॅसेट आत सरकवली.

चित्र आलं आणि सगळ्यांचे चेहरे पडले. टेपवर बुरशी चढली होती. पडदाभर पांढरे पट्टे, मधूनच कियोचं अर्धं तोंड, सारसाचा एक पंख, परत मुंग्या. मल्हारीनं ट्रॅकिंग फिरवलं, कॅसेट काढून पुसली, परत घातली. काही उपयोग नाही.

"गेलं," तो पुटपुटला. "ताई, माफ करा. पार खराब झालंय."

"काय खराब झालंय? गप्प बसा सगळे," प्रगती म्हणाली. "ऐकू येतंय."

खरंच, आवाज स्वच्छ होता. कियोचा तो पातळ आवाज, सारसाच्या पंखांची करकर, मागं वाजणारी बासरी. प्रगतीचे ओठ वाक्यांबरोबर हलायला लागले. मध्येच कार्टून थांबलं आणि तरुण मल्हारीचा आवाज आला, "बालमित्रांनो, लाइट गेल्यामुळं राहिलेला भाग आपण बघत आहात. अभ्यास झाला का?" हवालदार कांदा चिरायचे थांबून मोठ्यानं हसले. धनश्रीनं बापाकडं असं बघितलं की तो भिंतीकडं बघायला लागला.

भाग संपल्यावर प्रगती म्हणाली, "खऱ्या आहेत." तेवढंच. मग जरा वेळानं, "गोंजीचा आवाज देणारा माणूस कोण होता, माहीत आहे का तुम्हाला?"

"नाव लावायचे न्हाईत तवा. संपता संपता जाहिरात यायची."

"मला वाटायचं तो म्हातारा असेल. आता ऐकलं तर तरुण वाटतोय. मुद्दाम घोगरा काढलाय."

हवालदार म्हणाले, "कॉपी करून ठेवा की हो. टेप किती दिवस टिकणार?"

मल्हारीनं पिशवी परत जवळ ओढली. पोलीस स्वतः म्हणतोय कॉपी करा. "नगं," तो म्हणाला. "ऐकायचं तर मी घिऊन येत जाईन. कॉपी न्हाई." हवालदारांनी खांदे उडवले आणि पोह्यांना फोडणी दिली.

मग एक रविवार सोडून एक असा तो दौंडला जायला लागला. कधी धनश्री बरोबर, कधी एकटाच. फाटकावर पुढंपुढं स्वतःचं नाव लिहायला लागला, पण आडनाव वाचता येणार नाही असं. प्रगती गोडगोड बोलणारी नव्हती. एखादा भाग त्याला आवडायचा तर ती म्हणायची, "रडारड नुसती." तिला आवडलेल्या मारामारीत त्याला काही दम वाटायचा नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला या विषयावर भांडायला कुणी मिळालं होतं. शिरूरला मंडळी आता हिंदी डबिंगला पाप म्हणेनाशी झाली होती. नीलमनं तर सबटायटल मराठीत मोठ्यानं वाचून प्रगतीला पाठवायला सुरुवात केली. प्रगतीनं दोन भाग ऐकले आणि कळवलं, "बाई, जरा भाव आण. बातम्या देतेस का?"

दिवाळीनंतर शेवटच्या कॅसेटची पाळी आली. मल्हारीनं लावली. कियोचा आवाज आला, सारस आकाशात उडाला, आणि खर्रकन् ढोल-ताशे सुरू झाले. शिरूरच्या गणपतीची मिरवणूक. त्या काळी हाताखालच्या कुणीतरी कोरी समजून त्याच कॅसेटवर मिरवणूक भरली होती. पुढंपर्यंत पळवून बघितलं, सगळी मिरवणूकच.

मल्हारीनं मशीन बंद केलं. "मी बघितलाय तो भाग. सांगू?"

"सांगा."

त्यानं सांगितलं. कियोला भाऊ सापडतो, शत्रूच्या गलबतावर, जखमी. ती त्याला सारसावर घालते. सारस दोघांचं वजन पेलत नाही, म्हणून गोंजी उडी टाकतो. आणि भाऊ डोळे उघडून म्हणतो, "घर चलें?"

"खोटं," प्रगती म्हणाली. "भाऊ मरतो. सत्यजीतनं मला ॲपवरचा भाग वाचून दाखवलाय. गलबतावरच मरतो, आणि कियो एकटी परत येते. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून गोड करून सांगताय."

"आईशपथ न्हाई! हिंदीत जगतो तो. पोरांसाठी बदललं असंल त्यांनी. तवा बदलायचे. मी ह्या कानांनी ऐकलंय, घर चलें म्हणून."

"वीस वर्षांपूर्वी."

"व्हय, वीस वर्षांपूर्वी."

"मग कशावरून?"

मल्हारीनं कॅसेट काढली आणि पिशवी गळ्यात अडकवली. न्हावऱ्यापर्यंत गाडी चालवताना तो तेच वाक्य आठवत राहिला. घर चलें. आवाज येत होता, पण तो भावाचा होता की त्याचा स्वतःचाच, हे काही सांगता येईना. तेव्हा धाड पडायच्या बेतात होती, घरात भांडणं होती, धनश्री तापानं फणफणली होती. आपणच तेव्हा मनात जुळवून घेतलं असेल का? गावातल्या एकूण एका माणसावर त्यानं संशय घेतला होता; स्वतःच्या आठवणीवर कधी घेतला नव्हता.

घरी पोचल्यावर त्यानं धनश्रीला हाक मारली. "तुमच्या त्या ग्रुपवर लिही. शिरूर, दौंड, बारामती, नगर, कुठल्या बी जुन्या केबलवाल्याकडं 'लोहे का सारस'चा शेवटचा भाग असंल तर कळवा. हिंदीतला."

"कुणाचं नाव घालू? माझं?"

मल्हारी जरा वेळ बोटं मोडत बसला. "माझं घाल. मल्हारी कोळपे, केबलवाले. नंबर बी घाल."

"आन् कुणी इचारलं, तुमच्याकडं बाकीच्या कॅसेटी कशा, तर?"

"सांग, भरल्या व्हत्या म्हणून." तो उठला. "आन् त्या हवालदाराला इचार, कॉपी करायचं मशीन कुठं मिळतंय. अजून बुरशी वाढली तर आवाज बी जाईल."

तो भाग अजून कुणाकडं सापडलेला नाही. अकलूजच्या एका माणसानं आहे म्हणून कळवलं होतं, पण ते दुसरंच कार्टून निघालं. प्रगती म्हणते भाऊ मेला. मल्हारी म्हणतो जगला, पण हल्ली तेवढ्या जोरात म्हणत नाही. बाकी सगळ्या भागांचा आवाज उतरवून झाला आहे आणि ग्रुपवर मागेल त्याला धनश्री पाठवते. अनोळखी नंबरावरून फोन आला की मल्हारी आधी थोडा वेळ घंटी वाजू देतो, मग घेतो.

"व्हय," तो म्हणतो, "मीच तो. बोला."